प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला

कित्येक थोर पुरुषांचीं नांवें रस्त्यांना व चौकांना दिलीं जातात, त्यांचे पुतळे उभारले जातात. आणि कित्येकांचीं नांवें शास्त्राच्या इतिहासांतील एखाद्या पानावर शांतपणें विसावलेलीं असतात. या दुसऱ्या वर्गांतील पुरुषांचा गाजावाजा थोडा, परंतु त्यांनीं लावलेला दिवा पुढील पिढ्यांना उपयोगी पडतो. हिंदुस्थानांत ताऱ्यांच्या व तेजोमेघांच्या प्रकाशाचें पृथक्करण करून त्यांची घटना ओळखण्याचें शास्त्र ज्यांनीं प्रथम रुजविलें, त्या प्रो. कावसजी दादाभाई नायगमवाला यांचें स्थान अशा पुरुषांत फार वरचें आहे. विश्वाच्या बाल्यावस्थेंतील अतिदूरच्या दीर्घिकांचा, म्हणजे कोट्यवधि ताऱ्यांच्या समूहांचा, शोध आज जगांतील मोठमोठे शास्त्रज्ञ करीत आहेत. त्या शोधांत प्रकाशाच्या ज्या एका हिरव्या रेषेचा त्यांना मोठा आधार वाटतो, तीच रेषा सव्वाशेंहून अधिक वर्षांपूर्वीं पुण्यांत या पारशी प्रोफेसरांनीं बारकाईनें तपासली होती. म्हणून त्यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणून घेण्याजोगें आहे.

कावसजींचा जन्म १८५७ सालीं झाला. त्यांचें उच्च शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत झालें. १८७८ सालीं ते एम. ए. ची परीक्षा उत्तीर्ण झाले व त्यांस चॅन्सेलरचें सुवर्णपदक मिळालें. त्या काळीं सुवर्णपदक मिळविणाऱ्या पदवीधरास सरकारी हुद्द्याची किंवा वकिलीची वाट मोकळी असे. कावसजींनीं मात्र शिक्षकाचा पेशा पत्करला आणि १८८२ सालीं आपल्याच कॉलेजांत ते पदार्थविज्ञानाचे अध्यापक झाले.

त्या वेळीं युरोपांत प्रकाशाच्या पृथक्करणाचें शास्त्र अगदीं नवें होतें. सूर्याचा पांढरा किरण कांचेच्या लोलकांतून नेला असतां तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा उमटतो, हें न्यूटननें दाखविलें होतें. या पट्ट्यास वर्णपट म्हणतात. पुढें १८५९ च्या सुमारास किर्खहोफ व बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनीं सिद्ध केलें कीं, प्रत्येक मूलद्रव्य तप्त होऊन वायुरूपांत तेजस्वी झालें म्हणजे वर्णपटांत आपल्या ठराविक जागीं ठराविक रेषा उमटवितें. चुलीवर भात उतूं जाऊन मिठाचें पाणी निखाऱ्यांत पडलें कीं ज्वाला क्षणभर पिवळी होते, हें आपल्या घरोघरीं दिसतें. तो पिवळा रंग मिठांतील सोडियमची खूण होय. अशी खूण ओळखतां आली कीं वस्तु हातांत नसली तरी चालतें. तिचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोंचला म्हणजे पुरे. १८६८ सालीं आपल्या देशावरून गेलेल्या खग्रास ग्रहणाच्या वेळीं सूर्यावरील ज्वालांच्या वर्णपटांत एक अनोळखी पिवळी रेषा दिसली. तिचा पाठपुरावा इंग्लंडांत नॉर्मन लॉकियर यांनीं केला व तीवरून हेलियम या नव्या मूलद्रव्याचें अनुमान केलें. तें मूलद्रव्य पृथ्वीवर १८९५ सालीं सांपडलें! म्हणजे सूर्यावरील एक वायु मनुष्यानें आधीं सूर्यावर ओळखला व मागाहून आपल्या घरीं पाहिला.

या नव्या विद्येचें बीज पुण्यांत रुजलें तें एका उदार राजाच्या देणगीनें. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनीं १८८२ सालीं एल्फिन्स्टन कॉलेजास भेट दिली, तेव्हां वर्णपटाच्या प्रयोगशाळेसाठीं त्यांनीं ५,००० रुपये दिले. मुंबई सरकारनें तितकीच भर घातली. १८८४ सालीं कावसजी इंग्लंडास गेले, तेथील वेधशाळांची व्यवस्था त्यांनीं पाहिली आणि लॉकियर यांच्यासारख्या नामांकित पंडितांचा सल्ला घेतला. परत आल्यावर १८८५ सालीं त्यांची नेमणूक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें झाली. हेंच पुढें इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आलें. त्याच्या आवारांत १८८८ सालीं महाराजांच्या नांवानें वेधशाळा उभी राहिली. तेथील मुख्य दुर्बीण ग्रब या प्रसिद्ध कारखान्याची होती व तिच्या आरशाचा व्यास २० इंच होता. एवढी मोठी दुर्बीण हिंदुस्थानांत दुसरी नव्हती, आणि पुढें कित्येक वर्षें झाली नाहीं. तिला वर्णपट पाहण्याचीं उत्तम यंत्रें जोडलेलीं होतीं.

या साधनांनिशीं कावसजींनीं ज्या आकाशस्थ वस्तूकडे लक्ष लाविलें, ती आपल्या भंडारा जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या घरच्या माणसाइतकी ओळखीची आहे. मृग नक्षत्र लागलें कीं धानाच्या पेरणीची घाई सुरू होते. तें नक्षत्र आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या दिवसांत सूर्य तेथें असल्यामुळें तें दिसत नाहीं. तें पाहावयाचें तर धान कापून झाल्यावर, पौष व माघ महिन्यांच्या रात्रीं, वैनगंगेच्या कांठीं किंवा गांवच्या एखाद्या तलावाच्या पाळीवर उभें राहावें. पूर्वेकडून मृगाचे चार ठळक तारे वर येतात, मध्यें एका रेषेंत बाणाचे तीन तारे चमकतात, व मागून व्याध झळकत येतो. बाणाच्या खालीं लहान ताऱ्यांची एक ओळ आहे. तींतील मधला तारा नीट पाहिला तर अंमळ धुरकट दिसतो. तो एकटा तारा नसून तारे, वायु व धूळ यांचा प्रचंड मेघ आहे. त्यालाच मृगांतील तेजोमेघ म्हणतात. तो आपणांपासून सुमारें १,३५० प्रकाशवर्षें दूर आहे. एका सेकंदास सुमारें ३ लक्ष किलोमीटर या वेगानें निघालेला प्रकाश तेथून येथें पोहोंचण्यास इतकीं वर्षें लागतात. १८९१ सालीं कावसजींच्या दुर्बिणींत जो किरण शिरला तो तेथून निघाला, त्या सुमारास आपल्या विदर्भांत वाकाटकांचें राज्य अस्तास जाऊन फार काळ लोटला नव्हता. दूर पाहणें म्हणजे मागील काळ पाहणें, हा या शास्त्राचा पहिला धडा होय.

त्या तेजोमेघाविषयीं त्या काळीं मोठा वाद माजला होता. इंग्लंडांतील विल्यम हगिन्स यांनीं १८६४ सालीं प्रथम एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला, तेव्हां त्यांत रंगांचा सलग पट्टा नसून थोड्याच तेजस्वी रेषा होत्या. त्यावरून तेथें विरळ तप्त वायु आहे, हें उघड झालें. त्या रेषांपैकीं सर्वांत ठळक रेषा हिरव्या रंगांत होती. एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग कल्पिले तर त्यांपैकीं सुमारें ५०१ भाग एवढी तिच्या तरंगाची लांबी. ही रेषा पृथ्वीवरील कोणत्या मूलद्रव्याची, हें कोणास सांगतां येईना. लॉकियर यांनीं एक व्यापक उपपत्ति मांडली. तेजोमेघ म्हणजे परस्परांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे, आणि सर्व ताऱ्यांची उत्पत्ति त्यांतूनच, असें त्यांचें मत होतें. उल्कांत मॅग्नेशियम असतें. मॅग्नेशियम जळतांना जो प्रकाश निघतो त्यांत हिरव्या रंगाचा एक पट्टा असतो. त्याची एक कड धारदार व दुसरी बाजू ओल्या कापडावर पसरलेल्या रंगाप्रमाणें हळूहळू विरत जाणारी असते. ही धारदार कड आणि तेजोमेघाची हिरवी रेषा यांच्या जागांमध्यें वर सांगितलेल्या एका भागाइतकेंही अंतर नव्हतें. म्हणून ती रेषा मॅग्नेशियमचीच, असा लॉकियर यांचा आग्रह होता. हगिन्स यांस तें मान्य नव्हतें. दोघेही आपापल्या क्षेत्रांतील महारथी. त्यामुळें वादास तीव्रता आली होती.

या वादाचा निकाल शब्दांनीं लागणार नव्हता, डोळ्यांनीं लागणार होता. रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड असेल तर तिची एक बाजू अंधुक दिसली पाहिजे; तसें नसेल तर ती दोन्ही बाजूंनीं रेखीव दिसली पाहिजे. ही परीक्षा सोपी दिसते, परंतु तेजोमेघाचा प्रकाश इतका मंद कीं, त्याला लोलकांतून अधिक फांकविलें तर तो दिसेनासा होतो, व कमी फांकविलें तर रेषेची कड नीट उमगत नाहीं. पुण्यांतील मोठ्या दुर्बिणीमुळें कावसजींस प्रकाश पुरेसा मिळत होता. त्यांनीं निरनिराळ्या परिस्थितींत ती रेषा पुन्हां पुन्हां तपासली. प्रत्येक वेळीं ती बारीक व रेखीवच दिसली. विरत जाणारी बाजू कोठेंही आढळली नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, येथें क्षणभर थांबून विचार करा. लॉकियर हे कावसजींचे मार्गदर्शक. इंग्लंडच्या विद्वत्सभांत त्यांच्या शब्दाला केवढें वजन! पुण्याची वेधशाळा अवघी तीन वर्षांची. तिचा चालक एका परतंत्र देशांतील तरुण प्रोफेसर. आपल्या वेधांतून गुरूच्या मताला पुष्टि मिळते असें कळविलें असतें, तर त्यांच्याकडून शाबासकी मिळण्यास वेळ लागला नसता. निदान गप्प बसणें तरी सहज शक्य होतें. परंतु कावसजींनीं जें दिसलें तें तसेंच लिहिलें. १८९१ सालीं लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिक वृत्तांत त्यांचे वेध प्रसिद्ध झाले, आणि ते लॉकियर यांच्या उपपत्तीच्या विरुद्ध पडले. अमेरिकेंतील लिक वेधशाळेंत कीलर यांनीं केलेलीं सूक्ष्म मापेंही त्याच बाजूस झुकत होतीं. मॅग्नेशियमची कल्पना पुढें मागें पडली. गुरूविषयीं आदर बाळगूनही सत्याच्या बाबतींत त्याची भीड न धरणें ही गोष्ट बोलण्यास सोपी आहे, आचरणांत आणण्यास कठीण आहे. कावसजींनीं ती एका रेषेच्या कडेवर आचरून दाखविली.

याच काळांत याच पुण्यांत दुसरा एक विद्वान् मृग नक्षत्राकडे वेगळ्या दृष्टीनें पाहत होता, हा योग मोठा मनोहर आहे. लोकमान्य टिळकांचा ‘ओरायन’ हा ग्रंथ १८९३ सालीं प्रसिद्ध झाला. मृगशीर्षाविषयींच्या प्राचीन उल्लेखांवरून वेदांचा काळ ठरविण्याचा त्यांनीं त्यांत प्रयत्न केला. एकानें मृगावरून ग्रंथांचें वय शोधावें, दुसऱ्यानें मृगांतील मेघाचें द्रव्य शोधावें, आणि दोघांनींही एकाच शहरांत राहावें, असा प्रसंग विरळाच.

कावसजींच्या आयुष्यांतील दुसरा मोठा प्रसंग २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा. त्या ग्रहणाची छाया कोंकण किनाऱ्यावरून देशांत शिरली व वऱ्हाड आणि वर्धा जिल्हा यांवरून ईशान्येकडे शहडोल व बक्सरकडे गेली. वर्धा जिल्ह्यांतील पुलगांव येथें इंग्लंडहून आलेल्या शास्त्रज्ञांनीं आपला तळ ठोकला होता. म्हणजे आपल्या भागापासून थोड्याच अंतरावर जगांतील उत्तम यंत्रें त्या दिवशीं सूर्याकडे रोंखलेलीं होतीं. कावसजींनीं आपला तळ सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें दिला. तेथेंच लिक वेधशाळेचे कँपबेल हेही दूर अमेरिकेहून आले होते. त्याच्या आदल्याच वर्षीं पुण्यांत प्लेगनें हाहाकार उडविला होता. अशा दिवसांत नाजूक यंत्रें आगगाडीनें नेणें, माळावर तीं उभारणें व मदतनिसांस तयार करणें हें काम किती अवघड असेल, याची कल्पना करावी. आणि एवढ्या सर्व तयारीनंतर हातीं येणारा अवधि सुमारें दोन मिनिटांचा! सूर्यबिंब पूर्ण झांकलें जातें त्या क्षणीं त्याच्या कडेवरील वायूंच्या तेजस्वी रेषा एकदम लखलखतात, व भोंवतालचा प्रभामंडल प्रगट होतो. या दोहोंच्या वर्णपटांचे फोटो घेण्याचें काम कावसजींच्या तुकडीनें केलें. त्याचा सविस्तर अहवाल त्यांनीं १९०२ सालीं प्रसिद्ध केला. दोन मिनिटांच्या वेधांचा हिशेब देण्यास त्यांनीं चार वर्षें खर्चिलीं, यावरून त्यांची काटेकोर वृत्ति दिसते.

वेधशाळेचा भार कावसजींनीं पुढें १९१२ पर्यंत वाहिला. त्या सालीं ते सेवानिवृत्त झाले आणि त्यांच्यामागें वेधशाळाही बंद झाली. त्यांच्या जागीं कोणी नेमला गेला नाहीं. मोठी दुर्बीण व इतर यंत्रें दक्षिणेंत कोडाईकनालच्या सरकारी वेधशाळेकडे रवाना झालीं. ज्या घुमटाखालीं त्यांनीं इतक्या रात्री जागून काढिल्या तो ओस पडला. त्यानंतर कावसजी पंचवीसहून अधिक वर्षें जगले व १९३८ सालीं निवर्तले. एवढ्या दीर्घ काळांत पुण्यांत त्यांच्या वेधशाळेचें पुनरुज्जीवन झालेलें त्यांस पाहावयास मिळालें नाहीं. एका मनुष्याच्या उत्साहावर उभी राहिलेली संस्था त्याच्याबरोबरच मावळावी, ही आपल्या देशांतील जुनी उणीव आहे, व तिचा विचार पालकांनीं व संस्थाचालकांनींही करावा असा आहे.

मग कावसजींचा उद्योग व्यर्थ गेला काय? याचें उत्तर त्या हिरव्या रेषेनेंच दिलें आहे.

ती रेषा कोणत्या मूलद्रव्याची, हें कोडें १९२७ सालीं अमेरिकेंतील आयरा बोवेन यांनीं सोडविलें. ती रेषा ऑक्सिजनची निघाली, म्हणजे आपण ज्यावर जगतों त्याच प्राणवायूची. मात्र तेथें त्याच्या प्रत्येक अणूनें आपले दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात, आणि तो वायु इतका विरळ असतो कीं तितकी विरळता पृथ्वीवरील प्रयोगशाळेंत साधत नाहीं. म्हणूनच ती रेषा येथें कोणाला ओळखतां आली नव्हती. कावसजी त्या वेळीं हयात होते. त्यांनीं जी रेषा रेखीव म्हणून नोंदविली, तिचें खरें नांव त्यांच्या हयातींतच जगाला कळलें.

त्याच १९२७ सालीं बेल्जममधील धर्मगुरु व गणिती जॉर्ज लमेत्र यांनीं विश्व प्रसरण पावत आहे असें गणितानें मांडलें, व १९२९ सालीं एडविन हबल यांनीं दाखविलें कीं, दीर्घिका जितकी दूर तितकी ती अधिक वेगानें दूर जात असलेली दिसते. विश्व प्रसरण पावत असतां त्यांतून प्रवास करणारा प्रकाशही ताणला जातो. निळा किरण हिरव्याकडे, हिरवा तांबड्याकडे, आणि तांबडा तर डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त भागांत सरकतो. म्हणून एखाद्या दूरच्या दीर्घिकेच्या वर्णपटांत ओळखीची रेषा आपल्या मूळ जागेपासून किती सरकली आहे हें मोजलें कीं, तो प्रकाश किती काळापूर्वीं निघाला याचा हिशेब मांडतां येतो. पण त्यासाठीं आधीं ती रेषा ओळखतां आली पाहिजे. गर्दींत हरवलेलें मूल जसें अंगावरच्या खुणेनें ओळखावें, तशी ही ऑक्सिजनची हिरवी रेषा, तिच्या शेजारच्या सोबतिणीसह, दूरच्या दीर्घिकांची खूण ठरली.

२५ डिसेंबर २०२१ रोजीं जेम्स वेब ही दुर्बीण अवकाशांत सोडण्यांत आली. तिचा आरसा साडेसहा मीटर व्यासाचा असून ती पृथ्वीपासून सुमारें १५ लक्ष किलोमीटर अंतरावर राहून मुख्यत्वें अवरक्त प्रकाश पाहते. विश्वाचें वय आज सुमारें १,३८० कोटी वर्षें मानलें जातें. विश्व अवघें ७५ कोटी वर्षांचें होतें त्या वेळच्या दीर्घिकांची हिरवी रेषा सुमारें आठ पट ताणली जाऊन या दुर्बिणीच्या टप्प्यांत येते. अशा कित्येक दीर्घिकांत ती ठळकपणें आढळली आहे. २०२४ सालीं तर विश्व ३० कोटी वर्षांचेंही नव्हतें त्या काळची एक दीर्घिका या दुर्बिणीनें ओळखली. २०२५ सालीं दक्षिण अमेरिकेंतील चिली देशाच्या अटाकामा पठारावरील अल्मा वेधशाळेला तिच्यांत ऑक्सिजन सांपडला. ज्या रेषेवरून तो सांपडला तीही दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या त्याच ऑक्सिजनची, सुमारें पंधरा पट ताणलेली, अशी होती. ऑक्सिजन हा ताऱ्यांच्या पोटांत तयार होतो. तेव्हां इतक्या लवकर तारे जन्मून, जळून, मरून आपलें द्रव्य आसपास उधळून मोकळेही झाले होते, असा अर्थ निघाला. विश्वाच्या आरंभीं सर्व व्यवहार सावकाश चालला असेल अशी जी समजूत होती, तिला या एका रेषेनें धक्का दिला आहे, व त्याचा उलगडा अद्याप चालू आहे.

कावसजींच्या हातून हें सर्व झालें असें कोणीही म्हणणार नाहीं. त्यांनीं दूरच्या दीर्घिका पाहिल्या नाहींत. त्या काळीं आपल्या आकाशगंगेबाहेर दुसऱ्या दीर्घिका आहेत कीं नाहींत याचाही निर्णय झालेला नव्हता. त्यांनीं इतकेंच केलें कीं, एका रेषेच्या दोन कडा कशा दिसतात तें निरखून पाहिलें आणि कोणाची भीड न धरतां लिहून ठेविलें. परंतु चुकीच्या नांवाची पाटी त्या रेषेवरून उतरविण्यास ज्या थोड्या वेधांची मदत झाली त्यांत पुण्याचे वेध होते. चुकीची पाटी उतरल्याखेरीज खरी लागत नाहीं. आणि खरी लागल्याखेरीज त्या खुणेवरून विश्वाचें बाल्य वाचतां आलें नसतें. त्यांची दुर्बीणही निकामी पडून राहिली नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत, हिमालयांत वेधशाळेसाठीं योग्य जागा शोधण्याच्या कामीं, ती लेह येथें नेण्यांत आली. पुढें लडाखमध्यें हानले येथें दोन मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभी राहिली.

आपल्या जिल्ह्यांतील खेड्यांत अजून रात्रीं पुष्कळ काळोख असतो, व काळोख हें आकाश पाहणाऱ्याचें मोठें भांडवल आहे. येत्या हिंवाळ्यांत विद्यार्थ्यांनीं वडीलधाऱ्यांसमवेत बाहेर पडून बाणाखालचा तो धुरकट ठिपका अवश्य शोधावा. साधी दुहेरी दुर्बीण मिळाली तर फारच चांगलें. जें दिसेल तें वहींत तारखेसह लिहावें. जें दिसलें नाहीं तें पुस्तकांत आहे म्हणून दिसलें असें लिहूं नये. प्रयोगशाळेंतील वहींत आंकडे शेजाऱ्याच्या उत्तराशीं जुळवून घेण्याचा मोह कोणाला होत नाहीं? त्या वेळीं पुण्याच्या त्या प्रोफेसरांची आठवण करावी. त्यांच्यापुढें तर जगद्विख्यात गुरूचें उत्तर ठेवलेलें होतें.